घोट्यातल्या उड्या

आमची द्राहोमीरा उंच उडीत पाच वेळा देशाची विजेती झाली, पण ऑलिंपिकला एकदाही गेली नाही. पहिल्या खेपेला घोटा मोडला. दुसऱ्या खेपेला निवडचाचणीतच तो सुजला आणि शेवटच्या उडीआधी ती मटकन खाली बसली. डॉक्टर म्हणाले, या पायात आता एका दिवसाला चार-पाचच उड्या उरल्यात. तेव्हापासून माझी धाकटी बहीण कंजुषाने साखर मोजावी तशा उड्या मोजायला लागली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही पाणीसुद्धा फुंकायची.

चौतिसाव्या वर्षी शेवटची संधी आली ती आमच्याच गावात. आमच्याकडे, चेक देशातल्या मोराव्हियात, हिवाळ्यात उंच उडीच्या स्पर्धा व्यायामशाळेत होतात, त्याही गाण्यावर. ज्याची पाळी त्याचं गाणं, आणि लोक त्यावर टाळ्यांचा ठेका धरतात. पोरींनी धडाडणारी गाणी आणली होती, द्राहोमीराने गावच्या अग्निशामक दलाच्या बँडची पोल्का, लग्नात म्हातारेकोतारे नाचतात ती जुनी धून. मागून कुणीतरी म्हणालं, "आजीबाईंचं लग्न आहे वाटतं." तीही हसली.

ऑलिंपिकसाठी एक मीटर चौऱ्याण्णव हवं होतं. दांडी एक पंच्याहत्तरवर लागली तेव्हा तिने हात हलवून ती उंची सोडली. नियमात बसतं ते. ऐंशी सोडली, पंच्याऐंशी सोडली. इतर पोरी घामाघूम झाल्या होत्या आणि ही बाकावर शाल पांघरून बसलेली. तिला लहानपणापासून शिकवणारे हिनेककाका शेवटी उठून तिच्यापाशी आले.

"एक तरी मार, पोरी. अंग जागं होऊ दे."

"पाय संपेल, काका."

"अगं, थंड अंगाने चौऱ्याण्णव कुणी मारलीय?"

तिने शाल आणखी घट्ट ओढून घेतली. मला काकांचं पटत होतं, पण तिच्या हट्टापुढे घरात कधी कुणाचं चाललं नव्हतं.

मग दांडी चौऱ्याण्णववर गेली आणि पोल्का वाजली. पहिल्या उडीला धाव चुकली. दुसरीला दांडीला पाठ लागली. तिसरीला ती वर गेली, खरंच गेली, मी उभी राहिले. पण टाच जराशी घासली, दांडी थरथरली आणि पडली. तीन चुका, खेळ संपला. पाच वेळच्या विजेतीच्या नावापुढे त्या दिवशी एकही उंची लागली नाही.

सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पोल्का बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. मी नेहमीच्या सवयीने टॉवेलात बर्फ बांधून धावले. ती गादीच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होती. तिने माझा हात बाजूला केला.

"बर्फ नको, ताई. दुखत नाहीये." घोटा तिने दोन्ही हातांत धरला होता. "अजून दोन उड्या आहेत यात. काय करू त्यांचं?"