आसेगावच्या वाटेवरचे फिटरबाबा

फिटरबाबा फटफटीवरून पडले की लगेच उठत नसत. हातपाय शाबूत आहेत एवढं पाहायचे आणि तिथंच धुळीत बसून चाकाची उमटलेली ओळ निरखत राहायचे. लोक धावत येत, हात देत. बाबा म्हणत, "थांबा जरा. उठलो का कारन पुसल्या जाते."

मी तेव्हा मंगरूळपीरच्या दवाखान्यात नर्स होते. बाबा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. गावोगावची यंत्रं दुरुस्त करायला मालकानं त्यांना जुनी फटफटी दिली होती. कोपर सोलून आले की मी औषध लावायची आणि ते कारण सांगायचे. एकदा नाल्याच्या वाळूत ब्रेक दाबला होता. एकदा आवाजानं बैल बुजले. तेव्हापासून समोर बैलगाडी दिसली की ते इंजीन बंद करून कडेला उभे राहत. रस्त्याला त्यांनी कधी बोल लावला नाही. एकाच कारणानं ते दुसऱ्यांदा पडल्याचं मला आठवत नाही.

जिनामागच्या खोलीत ते एकटेच राहत. सणाला कुणी बोलावलं तर जात, पण हात धुतले की निघत. फटफटीच्या मागच्या बैठकीवर त्यांनी हत्यारांची पेटी दोरानं आवळून बांधली होती. मला अमुक गावी सोडा असं कुणी म्हटलं, की पेटीकडे बोट दाखवायचे.

त्यामागचं कारण एका दुपारी कळलं. मी त्यांच्या गुडघ्याची पट्टी बदलत होते, तेव्हा त्यांनीच सांगितलं. आसेगाव त्यांच्या बायकोचं माहेर. तिथून तिला फटफटीवर घेऊन येताना वळणावर वासरू आडवं आलं. ती मागच्या बैठकीवरून फेकली गेली आणि तिसऱ्या दिवशी वारली.

"वळनावर हळू घ्यायचं, ते मी शिकलो असतो कवाही," ते म्हणाले. "पन मागच्याले घट्ट धर म्हना लागते, हे मी तिचा जीव गेल्यावर शिकलो, बाई."

त्याच वर्षी आसेगावहून निरोप आला की बाळंतीण अडली आहे. डॉक्टर दौऱ्यावर होते. बैलगाडीनं पोचायला संध्याकाळ झाली असती. मी जिनात जाऊन बाबांना निरोप सांगितला. बाबांनी पेटीकडे पाहिलं. मग त्यांनी दोर सोडला आणि पेटीच्या जागी घोंगडीची घडी बांधली.

"मले दोन्ही हातानं धरा. मी झुकलो तिकडं तुमी झुका. लाजू नका. लाजल्यानं मानूस पडते."

त्या वळणाशी त्यांनी मला उतरून चालायला लावलं आणि स्वतः फटफटी ढकलत नेली.

बाळंतीण वाचली, तिची मुलगीही. मी बाहेर आले तेव्हा बाबांनी माझ्यासाठी परतीची बैलगाडी ठरवून ठेवली होती. मी फटफटीनंच येते म्हटलं. ते म्हणाले, "येतानी जीव अडला होता. आता कायले?"

बैल बुजू नयेत म्हणून ते गाडीच्या बरेच मागं राहिले. वळण ओलांडल्यावर मी मागं पाहिलं. फटफटी उभी करून ते कडेला बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. थांबू का, असं गाडीवानानं विचारलं. मी नको म्हणाले. माणसाला त्याच्या दुःखापाशी एकटं बसू द्यावं, असं तेव्हा शहाणपणाचं वाटलं.

आता माझ्याही घरात एकच ताट वाढलं जातं. गाडी थांबवायला हवी होती.