सव्वा वर्षाचा उभा नवस

बसा, बसा. अहो, टेकून आरामात बसा की! माणसाला नीट बसता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला विचारा. एकदा मला बसता येईना, तर त्यापायी माझं ठरत आलेलं लग्न… पण आधी कबूल करा, हसायचं नाही. बरं, हसा. तुम्ही काय ऐकणार थोडेच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा निपाणीकडचा. यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचो आणि राहायचो बसवनगुडीत, अक्कांच्या मागच्या खोलीत. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्यांचं घराणं मराठी खरं, पण बंगळूरात येऊन शेकडो वर्षं झालेली. त्यामुळे मराठीत सारखं कन्नड डोकावायचं. "प्रकाशा, स्वल्प भात घे की रे! सरी, आता ताक घे!" असं. सरी म्हणजे बरं.

अक्कांच्या नात्यातलं एक घर येलहंक्याला होतं. गौरीचा फराळ पोचवायला त्यांनी मला तिकडे धाडलं. त्या दिवशी बस काही मिळेना, म्हणून काढली सायकल. आता बसवनगुडी शहराच्या या टोकाला आणि येलहंका पार त्या टोकाला! धापा टाकत पोचलो, दार वाजवलं, आणि दार उघडलं शैलानं.

शाळेत शिकवायची ती. पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "बसवनगुडीहून? सायकलवर? एवढ्याशा डब्यासाठी?"

तिचे डोळे असे मोठे झाले होते म्हणून सांगू! संपलं हो, त्या क्षणी मी संपलो. यानंतर बसने जाणार कोण?

मग दर रविवारी मी येलहंक्याला. कधी अक्कांचा डबा परत आणायला, कधी लोणचं पोचवायला, आणि काहीच नसलं तर अक्कांनी खुशाली विचारलीय म्हणून. अक्कांनी काही विचारलेलं नसायचं, त्या बिचाऱ्या देवळात असायच्या.

सोमवार उजाडला की मला रविवार आठवायला लागायचा. हात लेथवर चालायचे, जीव मात्र येलहंक्याच्या वाटेवर, हेब्बाळच्या चढावर. शैला एकदा म्हणाली होती, "मी गच्चीवर कपडे वाळत घालते ना, तेव्हा रस्त्याकडे बघत असते. वळणावर तुमची सायकल दिसली की खाली येऊन चहा टाकते."

सांगा, असं कोणी कधी तुमची वाट बघितलीय? थंडीत हेब्बाळच्या तळ्यावरून वारा यायचा, कान बधिर व्हायचे, मांड्या भरून यायच्या. तरी वाटायचं, अजून थोडंच, अजून एक वळण, ती वर उभी असेल. आणि असायची हो! हातात ओला टॉवेल तसाच. तिथून परत निघताना जे व्हायचं, ते मला आजही सांगता येत नाही. सायकल दक्षिणेला जायची आणि मी सगळाच्या सगळा तिथेच राहायचो.

पण काय आहे, प्रेम मनात असलं तरी सायकलवर माणूस बसतो बुडावरच!

माझी सायकल जुनी, सेकंडहँड घेतलेली. तिची चामड्याची सीट म्हणजे नुसता दगड. त्यात शैलासमोर जायचं म्हणून मी घालायचो टेरिकॉटची घट्ट पँट, आणि तिची जाडजूड शिवण नेमकी नको तिथे. आधी नुसतं लाल झालं. मग सोललं. मग एका सोमवारी पाहतो तर दोन्हीकडे चांगले फोड! लेथसमोर उभं राहायचं काम, म्हणून नोकरी तरी वाचली.

उपाय काय करावा? घामोळ्यांवरची थंडगार पावडर होती, ती घेतली आणि फासली. अहो, सोललेल्या जागेवर! पुढचा किती तरी वेळ मी खोलीभर नाचत होतो. बाहेरून अक्का ओरडल्या, "अय्यो, उंदीर निघाला काय रे?"

"नाही अक्का, गुडघा दुखतोय!"

आता बाईमाणसाला खरं दुखणं कुठं सांगणार? त्या माउलीनं हळदीचा कढत लेप आणून माझ्या धडधाकट गुडघ्याला बांधला. आता तोही दुखायला लागला.

शेवटी गांधीबाजारातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सायकल? कुठपर्यंत जाता?"

"येलहंका."

"कामाला?"

"नाही, नातेवाईक आहेत."

"जवळचे?"

"व्हायचे आहेत."

डॉक्टर गालात हसले. मग समजावून सांगितलं. जागा रोज स्वच्छ धुवायची, कोरडी ठेवायची. सैल, सुती कपडे घालायचे, मधे शिवण नको, सायकलवरून उतरलं की घामट कपडे लगेच बदलायचे. सीट उंच असली की माणूस डावी-उजवीकडे घासतो, ती जरा खाली घ्या. मलम दिलं. आणि शेवटी म्हणाले, "जखम भरेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही."

"रविवारी पण?"

"जखमेला रविवार कळत नाही हो!"

मी मुकाट्यानं मान हलवली आणि रविवारी बसने जायचं ठरवलं. तोच कारखान्यात शैलाचा फोन. तिनं फोन करण्याची ही पहिलीच वेळ. आवाज अगदी बारीक झाला होता.

"सोलापूरचं स्थळ आलंय. अण्णांना पसंत आहे. या रविवारी येऊन तुम्ही अण्णांशी बोला, नाहीतर ते होकार कळवतील. याल ना? मी गच्चीवर उभी राहते. सायकल दिसली की मला धीर येईल."

आता सांगा, बसने गेलो असतो तर गच्चीवरून तिला काय बस दिसली असती? निघालो सायकलवर.

मेखरी सर्कलपर्यंत दात आवळून बसलो. हेब्बाळच्या चढावर फोड फुटला. तिथून पुढे पायडलवर उभा राहूनच गेलो, अक्षरशः उभा! लोक वळून वळून बघत होते. वळण आलं. गच्चीवर ती होती. तिनं हात वर केला, आणि दुखणंबिखणं सगळं विसरलो मी.

आठवलं ते घरात शिरल्यावर.

शैलाचे वडील, म्हणजे अण्णा, बैठकीच्या खोलीत वाटच बघत होते. रुबाबदार माणूस, पांढऱ्या मिशा. पहिल्या भेटीतच त्यांनी मला ऐकवलं होतं, "आमचे पूर्वज घोड्यावर बसून आले हो इकडे. महिनोन्महिने खोगिरावरून उतरले नाहीत!" अशा माणसाला मी काय सांगणार, की सायकलनं माझं बूड सोललं?

"या, बसा," अण्णा म्हणाले. समोर वेताची खुर्ची. त्या विणीकडे पाहूनच माझ्या अंगावर काटा आला.

"नको, उभाच बरा आहे."

"असं कसं? महत्त्वाचं बोलायला आलात ना? आमच्यात मुलीचं बोलणं बैठकीतच होतं. उभ्या उभ्या आम्ही दूधवाल्याशी बोलतो."

टेकून पाहिलं. खरंच पाहिलं हो! वेताला नुसता स्पर्श झाला आणि मी ताडकन उभा. आतून शैलाच्या आई पोहे घेऊन येत होत्या, त्यांच्या हातातली बशी हिंदकळली. दाराच्या पडद्याआड शैलाची पावलं दिसत होती. सगळे माझ्याकडे बघतायत. डोक्यात काही म्हणता काही येईना, आणि तोंडातून निघून गेलं, "नवस आहे माझा!"

"अय्यो! कुठल्या देवाचा?" आईंनी विचारलं.

"आमच्या गावच्या मारुतीचा. तो उभा, म्हणून मीही उभा. बसायचंच नाही."

"जेवताना?"

"उभ्यानंच."

"मग झोपायचं कसं?"

"आडवं चालतं."

अण्णांनी डोळे बारीक केले. "आणि सायकलवर?"

मेलो! पण लगेच सुचलं, "पायडलवर उभा राहून आलो."

आणि यात तर अर्धं खरंच होतं! अण्णा उठले. चक्क हात जोडले मला. "बसवनगुडीपासून उभ्यानं! आजकालच्या पोरांत एवढी निष्ठा? किती दिवसांचा नवस?"

इथे, मंडळी, इथे मी शेण खाल्लं. "उद्या फिटतोय" म्हणालो असतो तर आज गोष्ट वेगळी असती. पण समोरचा माणूस हात जोडून उभा, पडद्याआडची पावलं दोन बोटं पुढे सरकलेली. चढला ना मला जोर! म्हटलं, मोठा नवस तर मोठा मान.

"सव्वा वर्षाचा!"

अण्णा हळूच खाली बसले.

"तुम्ही कशासाठी आलात ते मला कळतं," ते म्हणाले. "खरं सांगू? तुम्ही मला सोलापूरच्या मुलापेक्षा जास्त आवडता. पण सव्वा वर्ष! लग्नात पाटावर बसावं लागतं हो. होमापुढे बसावं लागतं. तुम्ही कसे बसणार?"

"मोडतो ना नवस! आत्ता मोडतो!"

"छे छे छे! मारुतीचा नवस मोडून माझी पोर नेणार? उद्या काही बरंवाईट झालं म्हणजे? नाही, तुमच्या व्रतात आम्ही आडवे येणार नाही."

आता खरं सांगावं तर देवाच्या नावानं खोटं बोलणारा ठरतो, आणि न सांगावं तर… तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? पोहे मी उभ्यानं खाल्ले. चव कशी होती, देव जाणे.

शैला फाटकापर्यंत आली.

"खरं सांगा, काय आहे हे? मी कुणाला सांगणार नाही."

एवढी सोन्यासारखी संधी! कुणी नव्हतं आसपास. पण जिच्यासमोर कडक इस्त्रीची पँट घालून मिरवलो, तिला सांगू की आत काय चाललंय?

"मोठा नवस आहे, शैला."

"माझ्याहून मोठा?"

मी सायकलचं हँडल पुसायला लागलो. ती आत गेली. परतीच्या वाटेवर मी रडलो, आणि नक्की कुठल्या दुखण्यानं रडलो ते विचारू नका.

ठरवलं होतं, पुढच्या रविवारी जाऊन सगळं ओकून टाकायचं. पण जखम चिघळली, ताप भरला, आणि मी खोलीत पालथा. रविवार आला तसा गेला. डोळे मिटले की ती गच्ची दिसायची. आज उभी असेल का? वाळलेले कपडे घेऊन खाली गेली असेल का? चहा कुणासाठी टाकला असेल? त्याच्या पुढच्या रविवारी अक्काच पेढे घेऊन खोलीत आल्या. येलहंक्याचे, शैलाच्या साखरपुड्याचे. मला तसा पालथा रडताना बघून त्यांनी सगळं वदवून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मूर्खा! आधी सांगितला असता तर मीच गेली असती की बोलायला! मला काय, बसता येतंय!"

पुढे लग्न झालं. अक्कांनी ओढून नेलं म्हणून मीही गेलो. अण्णांनी नवरानवरीला सरळ माझ्यासमोर आणून उभं केलं. "यांच्या पाया पडा. सव्वा वर्षाचं उभं व्रत आहे यांचं!"

शैला वाकली. वाकता वाकता पुटपुटली, "बरी झाली का जखम?"

"तुला ठाऊक होतं?"

"पँटला डाग दिसला होता. मी फाटकापाशी वाट बघत होते, तुम्ही आता सांगाल, मग सांगाल. सांगायचं होतं हो! अण्णांना मूळव्याध आहे. बुडाखाली दोन उशा घेतल्याशिवाय ते बसत नाहीत. त्यातली एक दिली असती त्यांनी."

ती उठली, पदर सावरला आणि नवऱ्याबरोबर पुढे गेली. आणि मागून अण्णांचा खणखणीत आवाज आला, "अरे, व्रतस्थांचं पान उभ्यानंच वाढा!"

सगळं कल्याण मंटप, म्हणजे तिकडचं मंगल कार्यालय, खाली मांडी घालून जेवायला बसलं. मी खांबाला टेकून, हातात पान धरून, शैलाच्या लग्नाचे लाडू उभ्यानं गिळले. आणि बूड? अहो, बूड अगदी ठणठणीत होतं!