बाहेर बसायचे दिवस

थोरल्या जावेनं माझ्या पाठीत रिकामी घागर घातली, तेव्हा मी बाहेर बसले होते. पाळी आली की आमच्याकडे बाई तीन दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. कशाला शिवायचं नाही, पाण्याला तर नाहीच. मी बसले की माझं पाणी जाऊ भरायची, ती बसली की तिचं मी. लातूर नवा नवा जिल्हा झाला होता आणि किल्लारीकडच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या होत्या. माळापलीकडून पाणी आणताना मान मोडायची. ते तीन दिवस आम्हाला सणासारखे वाटत. शेजारच्या लिंगायताघरी बायका बसत नसत, तर आम्ही त्यांचीच कीव करायचो.

चाळिशी ओलांडली आणि माझं सगळं बिघडलं. पाळी महिन्यातून दोनदा यायला लागली, आली की जाता जाईना. अंगातून वाफा निघायच्या, छाती धडधडायची. राग तर असा, की एकदा नवऱ्याच्या अंगावर तापलेला तवा फेकला. नेम चुकल्याचं मला वाईट वाटलं. सासू म्हणाली, हिच्या अंगात काहीतरी शिरलंय.

"काई शिरलं न्हाई," जाऊ म्हणाली. "पाणी भरायचा कंटाळा हाय. सोंग करायली."

त्या दिवशी घागर घालून ती थांबली नाही. "दाखव," म्हणाली आणि तिनं माझ्या लुगड्याला हात घातला. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. तिनं माझे केस धरून मला अंगणात फरफटत आणलं. सासरा, दीर, नवरा बघत होते. कुणी उठलं नाही. माझ्यामागं मातीत रक्ताचा ओघळ उमटला, त्यात गाठी होत्या. ते बघून तिनं केस सोडले. मी उठायला गेले आणि पडले.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला जीपमध्ये घालून लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाळी जायच्या आधी काही वर्षं असं होतं, म्हणाल्या. वाफा, धडधड, राग, सगळं त्यातलंच. पण इतकं रक्त जाऊ द्यायचं नसतं, त्याला औषध आहे. माझं कुणीतरी खरं मानलं म्हणून मला रडू आलं. गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी जावेला विचारलं, "तुमची पाळी कशी आहे?"

जाऊ खाली बघत म्हणाली, "माजी दोन सालाखाली गेली, बाई."

म्हणजे दोन वर्षं ती दर महिन्याला कोपऱ्यात खोटंच बसत होती, आणि माझ्या अंगात रक्त नसताना तिच्या वाटणीचं पाणी मी डोक्यावर आणत होते. डॉक्टरीणबाईंच्या देखत मी तिच्या थोबाडीत मारली. माझा हात झिणझिणला.

"मी खोटं बसते," ती म्हणाली, "म्हून वाटलं, तू बी."

घरी सासूनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाली. जावेच्या गालावर अजून माझी बोटं होती.

"दोघींची बी पाळी अजून लई वरीस चालंल म्हणल्या," मी सांगितलं.

गोळ्यांनी मला उतार पडला. पुढं माझीही पाळी गेली. पण सासू होती तोवर दर महिन्याला आम्ही आळीपाळीनं बाहेर बसलो. मी बसले की जाऊ मुकाट्यानं घागर उचलायची.