भिंतीवरचं गाव

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेंटर गावाची माहिती नव्यानं रंगवत होता. एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, साक्षर. ओल्या रंगातला स्त्रियांचा आकडा पाहून मला हौसा आठवली. जनगणनेला शाळामास्तर म्हणून गावातली घरं मीच फिरलो होतो.

हौसाच्या दारात तिचा भाऊ म्हणाला होता, "ती दिल्या घरची, गुरुजी. तिला हितं धरू नका." सासरच्यांनी टाकलेली हौसा कित्येक वर्षं माहेरीच राबत होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला लिहिलं नाही. भावाशी वाद नको, एवढंच. सासरीही तिला कुणी मोजलं नसणार. मग बाई नेमकी कुठली? जिथं राबते तिथली, की जिथं दिली तिथली? मला अजून उलगडत नाही.

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन हौसाच मागं येऊन थांबली. "गुरुजी, ह्यात मी कुठं?"

"तू नाहीस. मीच लिहिलं नाही तुला."

ती जराशी हसली. "मग त्या दिवशी तुमाला पाणी कुणी दिलं व्हतं?"

शिडीवरून पेंटरनं विचारलं, "गुरुजी, आकडा बरोबर हाय न्हवं?"