मेकअप कमी लागेल

नागपूरहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा सुट्टीचे दिवस मला खायला उठायचे. ऑफिसातल्या एका मित्राचं विनोदी व्हिडिओंचं चॅनल होतं. कर्वेनगरला त्याच्या फ्लॅटवर शूटिंग व्हायचं. मी त्यात छोट्या भूमिका करू लागले आणि रमले.

एका रविवारी त्यानं नवं स्क्रिप्ट दिलं. पुणेरी घरमालक आणि आफ्रिकन भाडेकरू मुलगी. घरमालक तिला विचारतो, "लाइट गेली तर तू दिसणार कशी?"

"ती मुलगी कोण करणार?" मी विचारलं.

"तूच. तुला मेकअप कमी लागेल."

कॅमेरावाला फिसकन हसला. माझे कान तापले. माझ्या काळ्या रंगावरून शाळेतही असं ऐकलं होतं, पण तेव्हा बोलणारे माझे मित्र नव्हते.

"मी नाही करणार."

"अगं, विनोद आहे. तुम्ही लोक लगेच मनाला लावून घेता."

"आम्ही लोक म्हणजे कोण?"

तो ट्रायपॉडचा स्क्रू पिळत राहिला. मी पर्स उचलून निघाले. ती भूमिका दुसऱ्या मुलीनं तोंडाला काळं फासून केली आणि व्हिडिओ तुफान चालला.

वाघोलीला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये टांझानियाची एक विद्यार्थिनी राहायची. आमचा चहा एकत्र व्हायचा. एकदा आम्ही लिफ्टमध्ये असताना तिच्याकडे बघत एक शाळकरी मुलगा म्हणाला, "लाइट गेली तर तू दिसणार कशी?" त्याची आई मोबाइलमध्ये बघत हसली.

वर आल्यावर तिनं इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाला तो?"

खोटं सांगणं जमेना. मी व्हिडिओ दाखवला आणि अर्थ सांगितला. शेवटपर्यंत पाहून ती म्हणाली, "हे बनवणाऱ्याकडे मला ने."

रविवारी आम्ही कर्वेनगरला गेलो. जिना चढून मी बेल वाजवली. मित्रानं दार उघडलं, तिला पाहिलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. ती आत जाऊन खुर्चीवर बसली.

"ते वाक्य मला म्हणून दाखव," ती इंग्रजीत म्हणाली.

"ते तुमच्याबद्दल नव्हतं," तो म्हणाला.

"मग म्हणायला काय हरकत आहे?"

त्यानं कॅमेरावाल्याकडे पाहिलं. कॅमेरावाला उठून गॅलरीत गेला. ती मित्राच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. शेवटी तो पुटपुटला, "काढून टाकतो."

आम्ही परतीच्या रिक्षात बसलो.

"त्यानं म्हटलं असतं तर?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "जिना चढतानाही माहीत नव्हतं."

संध्याकाळी व्हिडिओ चॅनलवरून गेला. त्याचे तुकडे मात्र लोक अजून एकमेकांना पाठवतात. मित्र ऑफिसात माझ्याशी बोलत नाही. परवा त्यानं नवा व्हिडिओ टाकला, विनोद न कळणाऱ्या नागपूरच्या मुलीवर. मी तो पूर्ण पाहिला, आणि खाली कमेंटमध्ये माझं नाव घालून लिहिलं, "ही मी."