मशीननं विचारलं नाही

मागच्या साली आमच्या गावातला एक माणूस सकाळी कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी करायला गेला आणि संध्याकाळी त्याला डोळ्यांनी दिसेना. दवाखान्यातून तो परत आला नाही. त्याच्या मातीला गेलेले लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर पंप घेऊन निघाले. अळी काही सुतक पाळत नाही.

माझा धाकटा मुलगाही फवारणी करतो, आपल्या वावरात आणि मजुरीनं दुसऱ्यांच्याही. म्हणून त्याच्या बायकोनं ते मनावर घेतलं. ती बचत गटाचं कॉम्प्युटरचं काम पाहते. औषध किती, अंगावर काय घालायचं, पाणी किती, असा एक कागद तिनं कॉम्प्युटरवर तयार केला. तो गावातल्या फवारणाऱ्यांच्या मोबाइलवर जायचा. माझ्या दिराचा मुलगा नागपूरला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. तो तिला मदत करी.

कागदाची एक प्रत इथं, एक नागपूरला. दोघं आपापल्या प्रतीत बदल करत. मग मशीन दोन्ही प्रती जुन्या प्रतीशी ताडून पाही आणि त्यांचा एक कागद करी. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असला, तर ते अडून बसे. दोन्ही ओळी पुढे टाकून विचारी, यातली कोणती ठेवू? एकदा तिनं तोंडाला दुपट्टा बांधा असं लिहिलं आणि त्यानं त्याच ओळीत मास्क लावा असं लिहिलं. मशीन अडलं. दोघं फोनवर बराच वेळ भांडले. मी म्हटलं, तोंड झाकल्याशी मतलब, काय बांधता ते बांधा. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतो.

त्या पावसाळ्यात दुकानात नवीन औषध आलं. ते जुन्यापेक्षा निम्म्यानं पातळ होतं. सुनेला दुकानदारानं सांगितलं. तिनं कागदाच्या वरच्या ओळीत एका बाटलीच्या दोन बाटल्या केल्या. नागपूरवाल्यानं तिकडच्या दुकानात बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि खालच्या ओळीत ड्रमभर पाण्याचं अर्धा ड्रम केलं. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. मधे कपड्यांच्या, हातमोज्यांच्या ओळी होत्या. या खेपेला मशीन अडलं नाही. कागद गुपचूप एक झाला आणि मोबाइलवर गेला.

दुसऱ्या दिवशी उघाड होती. वारा नाही, पानही हलत नव्हतं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अशा पऱ्हाटीत फवारा वर मारावा लागतो आणि सगळा आपल्याच तोंडावर येतो. विहिरीवरून डोक्यावरच्या गुंडानं पाणी आणून ड्रम भरणं माझं काम. ड्रम निम्मा झाला तसा मुलगा म्हणाला, पुरे. मग त्यानं त्यात दोन बाटल्या रिकाम्या केल्या.

"दोन काहून?" मी विचारलं.

"कागदावर हाय."

"अन् पाणी अर्धं?"

"तेबी कागदावर हाय. तुह्या सुनेनंच पाठवला. बायकोचं नाही आयकलं तरी तू बोलते, आयकलं तरी बोलते."

दुपट्टा बांधून तो पऱ्हाटीत शिरला. मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसले. माणूस दिसत नव्हता, पंपाची घरघर तेवढी येत होती. उग्र वास धुऱ्यापर्यंत येऊन तिथंच थांबला होता. पंप भरायला तो परत आला, पुन्हा गेला. मग घरघर बंद झाली. मी हाक मारली. पानं बाजूला करत आत गेले, तर तो सरीत बसला होता. तोंडातून लाळ गळत होती.

"माय, आभाळ आलं का वं?" तो म्हणाला. "अंधारून राह्यलं."

ऊन डोक्यावर होतं.

शेजारच्या वावरातल्या माणसानं त्याला मोटरसायकलवर मधे बसवून मारेगावला नेलं. तिथून यवतमाळला पाठवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सुनेला दोन बाटल्या आणि अर्धा ड्रम असं सांगितलं. तिनं आधी गावात फोन केले, फवारणी थांबवा म्हणून. दोघंतिघं वावरातून परतले. एकाला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. मग तिनं नागपूरला फोन लावला. त्यानं जुन्या सगळ्या प्रती उघडून पाहिल्या. तिची प्रत बरोबर होती. त्याचीही बरोबर होती. दोन्ही मिळून दुप्पट विष झालं होतं.

"मंग मशीन अडलं काहून नाही?" सुनेनं विचारलं.

"वहिनी, आपल्या ओळी वेगळ्या होत्या," तो म्हणाला. "ते फक्त ओळी पाहते."

मुलगा वाचला. उजेडात अजून डोळे बारीक करतो आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो. फवारणी सोडली नाही. सोडून खाणार काय? आता प्रती एक झाल्या की सून तो कागद वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचते, आणि तो ड्रमजवळ उभा राहून ऐकतो. मशीन कुठं अडलं तर तिला बरं वाटतं. काही न विचारता कागद एक झाला, की तिचा चेहरा उतरतो.

पाणी मीच भरते. तो पऱ्हाटीत दिसेनासा झाला की धुऱ्यावर बसून पंपाची घरघर ऐकते. ती थांबली की उठते. बहुतेक वेळा तो पंप भरायलाच येत असतो.