विक्रीसाठी राखलेला कचरा

वाचनालयातील मित्रहो, आज सकाळच्या प्रकाराने मी अजून सुन्न आहे, म्हणून हा कागद फळ्यावर लावत आहे.

कालच मी आमच्या आळीत मोठ्या उत्साहाने समजावले होते, की म्युनिसिपालिटी आपल्या कचऱ्याचे खत करून अमरावतीभोवतीच्या भाजीमळेवाल्यांना विकते. पण त्या पैशातून गाडीच्या बैलांच्या चाऱ्याचा खर्चही भागत नाही, म्हणून आपण सफाईपट्टी भरतो.

आज कचऱ्याची बैलगाडी आळीतून रिकामीच निघाली! सर्वांनी माझे अर्धेच बोलणे ऐकले होते. शेजारच्या नारायणरावांनी तर विकायला म्हणून अंगणात कचऱ्याचा ढीग रचून ठेवला होता. त्यांनी मलाच विचारले,

"मास्तर, इकाचा माल फुकट काहून द्याचा? अन् वरून पट्टीबी आमीच भराची?"

मी पुन्हा हिशेब मांडू लागलो, तोच बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीतून त्यांची सून कडाडली, "मामाजी, भाव येईल तवा येईल! माह्या लेकराच्या तोंडावरच्या माश्या कोन इकत घेते?"

 ढीग टोपलीत भरून नारायणराव स्वतःच गाडीमागे धावले.

मित्रहो, एक अंगण मोकळे झाले; बाकीचे ढीग तसेच आहेत. उद्या मी आळीत पुन्हा समजावू, की गप्प बसू?